सक्तीचे दान आणि पावतीवरची सही

२०२५ साली आपल्या देशात ईद-उल-फित्र ३१ मार्चला आली आणि त्याच दिवशी आर्थिक वर्षही संपले. चांद्र वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत असल्याने हा योग तात्पुरता आहे. परंतु गेल्या काही वर्षांत रमजान आणि हिशेबांची अखेर शेजारी-शेजारी आल्यामुळे एक प्रश्न मशिदीच्या सहनात वारंवार ऐकू येऊ लागला आहे. अल्लाहने ज्यांच्या व्यवसायात बरकत दिली आहे, अशी मंडळी विचारतात : "मौलाना, कंपनीच्या नफ्यातले दोन टक्के कायदा आमच्याकडून समाजकार्यासाठी खर्च करून घेतोच. मग ती रक्कम जकातीत धरली तर चालेल का?" याच प्रश्नाची दुसरी बाजू शाळा, दवाखाने आणि वसतिगृहे चालवणाऱ्या संस्थांचे विश्वस्त विचारतात, पण जरा हलक्या आवाजात. तिच्याकडे मी पुढे येईन.

आपल्या वाचकांपैकी ज्यांची कंपनी या कायद्याच्या कक्षेत येते असे फार थोडे असतील, हे मला ठाऊक आहे. परंतु अशा कंपन्यांत लेखा विभागात काम करणारी मुले-मुली आता घरोघरी आहेत, आणि एखाद्या अंजुमनच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या विश्वस्त मंडळावर बसलेले वडील, चुलते, मामाही पुष्कळ घरांत आहेत. पैसा ज्यांच्या हातून जातो आणि ज्यांच्या हाती येतो, ते दोन्ही लोक आपलेच आहेत.

प्रथम कायदा काय आहे ते नीट समजून घेऊ. कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीचे आदल्या आर्थिक वर्षातील नक्त मूल्य ५०० कोटी रुपये वा त्याहून अधिक, किंवा उलाढाल १,००० कोटी वा अधिक, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वापोटी खर्च केली पाहिजे. यालाच सर्वजण सीएसआर म्हणतात. समजा, एखाद्या कंपनीचा तीन वर्षांचा नफा अनुक्रमे ६, ८ आणि १० कोटी आहे. सरासरी ८ कोटी झाली. तिचे दोन टक्के म्हणजे १६ लाख रुपये. हा पैसा कोणत्या कामांवर खर्चावा याची यादी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये आहे : भूक व दारिद्र्य यांचे निवारण, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, ग्रामविकास, आपत्तीनिवारण इत्यादी. काय चालणार नाही, हेही नियमांत सांगितले आहे. कंपनीचा नेहमीचा धंदा, केवळ आपल्याच नोकरदारांचा व त्यांच्या कुटुंबीयांचा फायदा, राजकीय पक्षाला दिलेली देणगी, किंवा आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेले प्रायोजन यांची गणना यात होत नाही.

आरंभी या कायद्यात सक्ती सौम्य होती. रक्कम खर्च झाली नाही तर संचालक मंडळाने आपल्या अहवालात कारण लिहिले की पुरे होत असे. २०१९ च्या दुरुस्तीत थेट तुरुंगवासाची तरतूद आली. ती अमलात येण्यापूर्वीच २०२० च्या दुरुस्तीने तिच्या जागी दंड आणला आणि २२ जानेवारी २०२१ पासून नवी व्यवस्था सुरू झाली. आता चालू प्रकल्पाचा पैसा शिल्लक राहिला तर तो वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात टाकून तीन आर्थिक वर्षांत खर्चावा लागतो. प्रकल्पच नसेल तर सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावा लागतो. तेही केले नाही तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी, यांपैकी जे कमी असेल तेवढा दंड, आणि जबाबदार अधिकाऱ्याला वेगळा.

जे देणे नाकारल्यास दंड होतो, त्याला दान म्हणावे काय? माझ्या मराठीच्या शिक्षकांनी आम्हांला 'दान' आणि 'देणे' या शब्दांतला फरक एकदा फार सुंदर समजावला होता. दान हे आपल्या इच्छेने सुटते; देणे हे दुसऱ्याच्या हक्काने निघते. मराठीत 'देणे' म्हणजे कर्जही. या दृष्टीने पाहिले तर दोन टक्क्यांची रक्कम दान नसून देणेच आहे. काही जण येथे थांबून म्हणतात की सक्तीने नेकीचा जीवच जातो, तेव्हा या कायद्यात नैतिक असे काही उरत नाही. तो एक करच आहे, आणि कर चुकवण्याच्या जितक्या वाटा तितक्या याच्याही.

हे मत आपल्याकडे टिकत नाही, कारण आपल्या दीनमध्ये सर्वांत श्रेष्ठ आर्थिक इबादत हीच मुळी सक्तीची आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या निधनानंतर, इ.स. ६३२ मध्ये, काही कबिल्यांनी नमाज कबूल परंतु जकात नाही, अशी भूमिका घेतली. कलमा पढणाऱ्यांशी युद्ध कसे करावे, असा संकोच हजरत उमर (रजि.) यांच्यासारख्या कणखर माणसालाही वाटला. हजरत अबू बक्र सिद्दीक (रजि.) मात्र ठाम राहिले. रसूलुल्लाह (स.) यांच्या काळात देत असलेली उंटाची दावणही यांनी अडवली तर मी त्यांच्याशी लढेन, अशा आशयाचे त्यांचे उत्तर हदीसच्या ग्रंथांत नोंदले आहे, आणि हजरत उमर (रजि.) यांचेही मन पुढे त्यावर निश्चिंत झाले. दावण ही किरकोळ वस्तू आहे. पण ती मालकाची राहिली नव्हती. तिच्यावर मिसकिनाचा हक्क बसला होता. कुरआननेही संपन्नांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असल्याचे सांगितले आहे, आणि तेथे उपकाराचा नव्हे, हक्काचा शब्द वापरला आहे.

तेव्हा सक्ती आणि नेकी यांचा मुलूख वेगळा आहे, असे मला वाटते. सक्ती ही घेणाऱ्याच्या हक्काचे रक्षण करते. निय्यत ही देणाऱ्याच्या आखिरतचा प्रश्न आहे. भुकेल्याच्या ताटात पडलेली भाकरी देणाऱ्याच्या मनातल्या कुरकुरीने शिळी होत नाही. देणाऱ्याला सवाब मिळाला की नाही, हा अल्लाह आणि त्याच्यातला हिशेब आहे. ज्याला तो मिळवायचा आहे, त्याला सक्तीच्या रकमेतही निय्यत करण्यापासून कोणी अडवलेले नाही.

मग ती रक्कम जकातीत का धरू नये? कारणे अनेक आहेत. जकात नफ्यावर नसते. निसाबाइतक्या मालावर चांद्र वर्ष पूर्ण झाले की त्या मालावर, म्हणजे रोकड, सोने-चांदी, दुकानातला आणि गोदामातला विक्रीचा माल यांवर, अडीच टक्के निघते. नफा शून्य असलेल्या वर्षीही जकात असू शकते. सीएसआर मात्र नफा आटला की आटतो. जकातीचे हकदार सूरह तौबाने आठ वर्गांत नेमून दिले आहेत. अनुसूची सातच्या यादीत वृक्षारोपण आहे, वारसास्थळांचे जतन आहे, खेळाडूंचे प्रशिक्षण आहे. ही सारी चांगली कामे आहेत, पण जकातीची नव्हेत. शिवाय हनफी मसलकात तमलीकची अट आहे : जकात एखाद्या हकदाराच्या मालकीत गेली पाहिजे. पुलाला, इमारतीला, विहिरीला मालकी देता येत नाही. कंपनीच्या पैशातून बांधलेल्या वर्गखोलीत शंभर गरीब मुले शिकली, तरी कोणाच्या हातात काही पडलेले नसते.

आणखी एक पेच आहे, आणि तो मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. हे दोन टक्के देते कोण? कायदा म्हणतो, कंपनी. पण कंपनीला ना कलमा आहे, ना निय्यत, ना कबर. जकात फर्ज होते ती माणसावर. १९८८ साली जेद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या बैठकीत याचाच विचार झाला आणि असे ठरले की शेअरची जकात ही भागधारकांवर आहे. कंपनीने ती त्यांच्या वतीने काढायची तर घटनेत तशी तरतूद, भागधारकांच्या सर्वसाधारण सभेचा ठराव, देशाचा तसा कायदा किंवा भागधारकाची स्वतःची परवानगी हवी. अशी वेळ आली तर शिरकतीचा माल एकाच मालकाचा समजावा, या तत्त्वाचा आधार तेथे घेतला गेला. कोकणातील आपल्या शाफई वाचकांना हे तत्त्व 'खुल्ता' या नावाने परिचित असेल. आपल्या देशाचा कायदा जकात काढायला सांगत नाही. तो सामाजिक खर्च करायला सांगतो. त्यामुळे दोन टक्के देऊन झाल्यावरही भागधारक मुसलमानाच्या मानेवरची जकात जशीच्या तशी राहते.

मात्र जकात नाही म्हणून ते काहीच नाही, असेही नाही. कंपनी नोंदवताना आपण मर्यादित जबाबदारीचे संरक्षण घेतो : धंदा बुडाला तर घरदार जात नाही. या संरक्षणासोबत ज्या शर्ती येतात, त्यांत ही एक आहे. करार पूर्ण करा, हा कुरआनचा आदेश सूरह माइदाच्या अगदी पहिल्या आयतीत आहे, आणि मुसलमान आपल्या शर्तींना बांधलेला असतो, हे हदीसने शिकवले आहे. आणि निय्यत केली तर हाच खर्च नफ्ल सदकाही ठरू शकतो, ज्यात जात-धर्माची अट नाही. जकात मुसलमान गरिबालाच देतात. नफ्ल सदका शेजारच्या कोणाही गरजवंताला देता येतो. कंपनीचा नफा ज्या ग्राहकांकडून आणि कामगारांकडून येतो ते सर्व धर्मांचे आहेत, तेव्हा तो परत जाताना सर्वांकडे गेला तर त्यात आपल्याला खटकावे असे काहीच नाही.

येथे संचालकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. संचालक हा भागधारकांचा वकील, म्हणजे प्रतिनिधी असतो. दुसऱ्याच्या खिशातून दिलेल्या पैशाने आपण सखी ठरत नाही. सखावत आपल्या मालातून होते. अजीम प्रेमजी यांचे नाव देशभर आदराने घेतले जाते, ते विप्रोने कायद्याप्रमाणे दोन टक्के खर्च केले म्हणून नव्हे. २०१९ पर्यंत त्यांनी स्वतःच्या हिश्शातून विप्रोच्या आर्थिक मालकीचा ६७ टक्के वाटा लोककार्यासाठी लावून दिला. पहिल्याची पावती कंपनी निबंधकाकडे जाते. दुसऱ्याला कोणी विचारलेच नव्हते.

आता विश्वस्तांच्या प्रश्नाकडे येतो.

कंपनी हा पैसा स्वतः खर्चू शकते, किंवा संस्थेमार्फत. संस्था म्हणजे नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, नोंदणीकृत सोसायटी किंवा कलम ८ खालील कंपनी. तिच्याकडे आयकर खात्याची १२-ए आणि ८०-जी ही दोन्ही प्रमाणपत्रे हवीत. ती त्या कंपनीनेच स्थापलेली नसेल तर अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. १ एप्रिल २०२१ पासून तिने सीएसआर-१ हा अर्ज सनदी लेखापालासारख्या व्यावसायिकाकडून प्रमाणित करून भरावा लागतो आणि एक नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्रात न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते, दरवर्षी हिशेब तपासून तेथे सादर करायचे असतात. ८०-जीचे नूतनीकरण मुदतीने करावे लागते. आपल्या पुष्कळ संस्था या कागदांत कच्च्या आहेत. चाळीस वर्षे मुले शिकवली, पण विश्वस्त बदलल्याची नोंदच केली नाही. मयत झालेल्या गृहस्थांचे नाव अजून दप्तरी अध्यक्ष म्हणून आहे. याला साधेपणा म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे सांगणारी आयत कुरआनमधील सर्वांत लांब आयत आहे, हे अशा वेळी आठवते.

परंतु कागद पक्के असलेल्या संस्थेपुढेच खरी परीक्षा उभी राहते, कारण तिच्या पावतीला किंमत असते. एका संस्थेचे विश्वस्त माझ्याकडे आले होते. गावाचे वा संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. मार्च महिना होता. त्यांच्याकडे एक मध्यस्थ आला. एका कंपनीचे पंचवीस लाख वर्ष संपण्याआधी 'लावायचे' आहेत, म्हणाला. रक्कम धनादेशाने संस्थेच्या खात्यात येईल. संस्थेने संगणक, बाके, पुस्तके यांची बिले दाखवायची. बिले तो आणून देईल. त्यातले अडीच-तीन लाख संस्थेने ठेवायचे आणि उरलेले रोखीने परत करायचे. शाळेचे छत पत्र्याचे, पावसात सात वर्गांपैकी चार गळत होते. विश्वस्त लबाड नव्हते. लबाड असते तर माझ्याकडे आलेच नसते. त्यांचा प्रश्न असा होता की, मुलांसाठी हे करणे जाइज ठरेल काय?

त्यांची बाजू मी येथे पूर्ण मांडतो, कारण ती पुष्कळांच्या मनात असते. पहिले म्हणणे : पैसा कंपनीचा आणि परतही कंपनीच्याच माणसाकडे जातो, मग नुकसान कोणाचे? दुसरे : आपण नाही म्हटले तर मध्यस्थ दुसऱ्या संस्थेकडे जाईल, पैसा तसाच जाईल, फक्त आपली मुले भिजतील. तिसरे : एवढी मोठी गरज असताना इज्तिरार, म्हणजे नाइलाजाची सवलत, लागू होत नाही का?

तिसऱ्याचे उत्तर सोपे आहे. उपासमारीने जीव जात असता मेलेले जनावर जीव वाचण्यापुरते खाण्याची सवलत आहे. गळके छत ही अडचण आहे, नाइलाज नव्हे. आणि या सवलतीचा उपयोग दुसऱ्याचा हक्क मारण्यासाठी तर होतच नाही. दुसऱ्याचे उत्तरही अवघड नाही : माझ्या सहीचा जाब मला विचारला जाईल, शेजाऱ्याच्या सहीचा त्याला.

पहिले म्हणणे मात्र वरवर बिनतोड वाटते. नुकसान कोणाचे, असे विचारून आपण एखाद्या माणसाचे नाव मागतो, आणि नाव सांगता येत नाही. जी मुलगी संगणकावर बसली असती ती आपल्याला माहीत नाही. जो रुग्ण वाचला असता तो आपल्याला भेटलेला नाही. हक्कदार निनावी आहे म्हणून हक्क नाहीसा झाला, असे मन सांगू लागते. शरीअतची दृष्टी नेमकी उलट आहे.

खैबरच्या मोहिमेहून परतताना घडलेला प्रसंग बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आला आहे. रसूलुल्लाह (स.) यांचे सामान उतरवीत असताना त्यांचा सेवक मिदअम हा कोठून तरी आलेल्या बाणाने मरण पावला. लोक म्हणाले, त्याला शहादत मुबारक असो. पैगंबरांनी (स.) ते नाकारले आणि सांगितले की खैबरच्या दिवशी वाटणी होण्याआधीच त्याने घेतलेली चादर त्याच्यावर आग होऊन पेटते आहे. हे ऐकताच एक माणूस चपलेचे एक-दोन बंद घेऊन आला आणि पुढे ठेवू लागला. एवढ्याशा बंदांबद्दलही पैगंबरांनी (स.) त्याला आगीचीच जाणीव दिली.

या हदीसमधला 'वाटणी होण्याआधी' हा भाग मी त्या विश्वस्तांना पुन्हा वाचून दाखवला. वाटणी झालेली नव्हती, म्हणजे ती चादर अमुक एकाची होती असे कोणी म्हणू शकत नव्हते. नुकसान कोणाचे, असे मिदअमलाही विचारता आले असते. सामायिक मालाचे गांभीर्य येथेच आहे. एका माणसाचे शंभर रुपये बुडवले, तर त्याच्या दारात जाऊन ते परत करता येतात, माफी मागता येते. हुकूकुल-इबादच्या तौबाची ती अट आहे. ज्यांची नावेच ठाऊक नाहीत, त्यांच्या दारात जायचे कसे? अफवेने ज्याची इज्जत घेतली त्याला तरी आपण ओळखतो. येथे माफ करणारा माणूस कयामतपर्यंत सापडत नाही.

आणि त्या पावतीवर काय लिहिलेले असते तेही पाहावे. अमुक रक्कम मिळाली आणि अमुक कामावर खर्च झाली, ही साक्ष आहे. संचालक मंडळाने पैसा त्याच कामी लागल्याची खात्री करून घ्यावी, आणि कंपनीच्या वित्त अधिकाऱ्याने तसे प्रमाणित करावे, असा नियम आहे. त्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र संस्थेच्या कागदावर उभे असते. बिले पुरवणाऱ्या दुकानदारापासून विश्वस्तांपर्यंत एकेक जण शहादते-जूर, म्हणजे खोटी साक्ष देत जातो, आणि ज्यांनी त्या साखळीत रोख रक्कम हाताळली तेही तिच्यातलेच. त्या तीन लाखांतून छत दुरुस्त झाले असते, तर त्या छताखाली मुलांना सचोटीचा धडा शिकवताना शिक्षकाने वर पाहिले असते की नाही, एवढेच मी विचारले.

विश्वस्तांनी मध्यस्थाला नकार कळवला. त्या पावसाळ्यातही वर्ग गळले. काही पालकांनी विश्वस्तांना नावे ठेवली, आणि त्या पालकांना मी पूर्ण चूक म्हणू शकत नाही. भिजणारी मुले त्यांची होती.

खियानतीचा एक सभ्य प्रकारही आहे, त्याची चर्चा कमी होते. इब्ने लुत्बिया नावाच्या एका गृहस्थांना जकात वसूल करायला पाठवले होते. परत आल्यावर त्यांनी मालाचे दोन भाग केले : हे तुमचे, आणि हे मला भेट मिळाले. रसूलुल्लाह (स.) यांना राग आला आणि ते मिंबरवर उभे राहून बोलले, त्याचा आशय असा की हा माणूस आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालत आली असती काय? आज संस्थेने कंपनीच्या पैशातून पन्नास संगणक घेतले आणि विक्रेत्याने अध्यक्षांच्या घरी एक 'भेट' पाठवला. संस्थेच्या कामाला गाडी घेतली आणि ती अध्यक्षांच्या दारातच उभी राहिली. भाच्याच्या दुकानातून चढ्या दराने बाके घेतली. यांतले काही लेखापरीक्षणात सापडेल, पुष्कळसे सापडणार नाही. या प्रत्येक ठिकाणी इब्ने लुत्बियांना विचारलेला प्रश्न स्वतःला विचारावा.

धर्मकार्याबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. मशीद बांधणे किंवा केवळ दीनी तालीम देणे ही कामे अनुसूची सातच्या यादीत नाहीत, आणि ८०-जी ची सवलतही मुळात एखाद्याच धर्मसमुदायासाठी असलेल्या संस्थेला मिळत नाही. म्हणून वाचनालयाच्या नावाने रक्कम घेऊन वजूखान्याला फरशी बसवणे, हा प्रकार आपल्या हिशेबी सवाबाचा वाटत असेल, तरी तो शर्तभंग आहे. वक्फच्या प्रकरणात फुकहांनी वाकिफच्या शर्तीला शरीअतच्या हुकमासारखे मान दिले आहे : विहिरीसाठी दिलेले विहिरीलाच लागले पाहिजे. मशिदीसाठी आपली जकातही चालत नाही. तेथे आपला स्वतःचा, स्वेच्छेचा पैसाच लागतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच लागत आला आहे. आपल्या शाळेत मात्र गावातल्या सर्व मुलांना प्रवेश असेल, तर तिच्या प्रयोगशाळेसाठी कंपनीकडे ताठ मानेने जावे. त्यात संकोच कशाचा?

छायाचित्रांविषयी दोन शब्द. कायदा कंपनीला अहवाल प्रसिद्ध करायला सांगतो, आणि कुरआन सदका उघड दिला तर चांगला, गुप्तपणे गरिबाला दिला तर अधिक चांगला, असे शिकवतो. या दोहोंत विरोध नाही. हिशेब उघड करणे म्हणजे रिया नव्हे. तो हक्कदारांना दिलेला जाब आहे. रिया सुरू होतो तो शिध्याची पिशवी हातात देऊन एखाद्या विधवेला फलकाखाली उभे करण्यात. तिच्या चेहऱ्याची अहवालाला गरज नसते; पिशव्यांची संख्या आणि बिल पुरते. संस्थांनी हे कंपनीला आधीच सांगावे. पुष्कळ कंपन्या ऐकतात; त्यांनाही कोणी सांगितलेले नसते इतकेच.

शेवटी, ज्या संस्थांकडे जकात, नफ्ल सदका आणि सीएसआर असा तिहेरी पैसा येतो, त्यांनी तिन्हींची खाती वेगळी ठेवावीत. एकाच खात्यात मिसळलेल्या रकमेतून शिक्षकांचे पगार गेले तर किती जणांची जकात अदा झाली नाही, हे नंतर शोधून काढता येत नाही. संस्था ही जकात देणाऱ्याची वकील आहे, मालक नाही. आणि काही व्यापारी बंधू विचारतात की बँकेतून आलेले व्याज सीएसआरच्या रकमेत भरले तर चालेल काय. व्याजाचा पैसा सवाबाची निय्यत न ठेवता आपल्याकडून काढून टाकायचा असतो, त्यातून स्वतःचा फायदा करून घ्यायचा नसतो. आणि ज्या खर्चाची जबाबदारी आपल्यावरच आहे तो त्या पैशातून भागवणे म्हणजे तेवढा आपला पैसा वाचवणे होय. आयकरापोटी व्याज देण्याबाबत उलेमांत मतभेद आहेत, हे खरे. परंतु ते कियास करून येथे लावण्याआधी ताळेबंद सोबत नेऊन आपल्या शहरातील मुफ्तींना प्रत्यक्ष विचारावे, आणि तेही ३१ मार्चच्या संध्याकाळी नव्हे.